दूध सोसायटीचं घड्याळ आणि रॉकेटचा तुकडा

मुलांनो, त्या दुष्काळात मी आठ महिने गेवराई तालुक्यातल्या आपल्या गावाबाहेर पडले नव्हते. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, तुमचे आजोबा जनावरांसोबत चारा छावणीवर, आणि पाण्याचा टँकर कधी येईल याचा नेम नाही. घर तासभरही सोडता येत नसे.

अशात कॉलेजमधल्या माझ्या सरांचं औरंगाबादहून पत्र आलं. उपग्रह सोडून झाल्यावर उरलेला रॉकेटचा एक तुकडा पृथ्वीभोवती दीड तासात एक फेरी मारत होता आणि हळूहळू खाली येत होता. तो दिवेलागणीला कोणत्या ताऱ्याजवळून किती वाजता गेला, ते सेकंदासह टिपायचं. नोंदी चांगल्या निघाल्या तर त्यांच्या विभागात वर्षभराची नोकरी होती. आजोबांनी छावणीवरून निरोप पाठवला, नोकरी लागली तर आईला घेऊन सगळेच जाऊ.

मी ओट्यावर उभी राहून रोज टिपत असे. रेडिओचे सेल कधीच संपले होते, म्हणून समोरच्या दूध सोसायटीच्या घड्याळावर मनगटी घड्याळ लावून घेई. सरांनी कळवलेल्या वेळेपेक्षा तुकडा उशिरा दिसे. मला वाटलं, सरांचंच गणित चुकतंय. तसं मी त्यांना कळवलंही, जरा ऐटीतच.

महिन्याभरानं त्यांनी विचारलं, "खाली येणाऱ्या तुकड्याची फेरी लहान होत जाते, तो लवकर यायला हवा. तुमचा दिवसेंदिवस उशीर करतोय. घड्याळ कशावर लावता?"

मी सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठलं.

"ते व्हय? ते म्होरंच आसतंय, बाई. बरोबर ठिवलं तर लोक टेम्पो गेल्यावर दूध घेऊन येत्यात."

"किती पुढे?"

"आधी धा मिंटं होतं. लोकांना सवय झाली, पुन्हा ढिले पडले. मग ढकललं आजून. आता इसेक मिंटं आसंल."

"कधी कधी ढकललं?"

"ते कोण ध्यानात ठिवतंय?"

"मला काहून सांगितलं न्हाई?" मी त्यांच्याच बोलीवर आले होते.

"सगळ्या गावाला ठावं हाय. तुमी तर शिकलेल्या."

गावाबाहेर एकदा जरी गेले असते, तरी एसटी स्टँडवरच्या घड्याळानं चूक दाखवली असती.

सरांच्या वेळांवरून उलटा हिशेब करून माझे आकडे जुळवता आले असते. कोणाला कळलंही नसतं. एक दुपार मी वही उघडून बसले. मग खरं काय ते लिहून कार्ड टाकलं.

सरांचं उत्तर दोन ओळींचं होतं. नोंदी वापरता येणार नाहीत. जागा दुसऱ्याला दिली आहे.

ते वाचत असतानाच गल्लीत टँकरचा भोंगा वाजला. कार्ड सासूबाईंच्या उशाशी ठेवून मी घागरी उचलल्या. परत आले तेव्हा त्यांनी विचारलं, "कवा जायचं मग?"

मी त्यांना पाणी पाजलं.