काळजी घेतल्याबद्दल खुलासा

‘कोरांटीच्या झाडांची काळजी का घेतली नाही, याचा तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.’ हा मेमो घेऊन डोमाजी माळी माझ्या टेबलापाशी उभा होता. कंत्राटी माणूस. खुलासा पटला नाही की घरी.

मी त्या सरकारी कार्यालयात उद्यान निरीक्षक होते. आवारात ‘स्थानिक झुडपे’ लावा, असा वरून आदेश आला, म्हणून आम्ही कोरांटी निवडली. कमरेएवढं काटेरी झुडूप, थंडीत पिवळी फुलं. डोमाजीने बोरी अरब या आपल्या गावातल्या शेताच्या बांधावरून, त्याच्या भाषेत धुऱ्यावरून, छाट कलमं आणली. म्हणजे फांद्या तोडून मातीत खोचल्या, बस. सगळ्या फुटल्या.

कोरांटीला ऊन लागतं आणि दुर्लक्ष लागतं. दुर्लक्षात आमचं कार्यालय स्वयंपूर्ण, त्यामुळे मी निर्धास्त होते. पण थंडीत मोठे साहेब पाहणीला येणार असं कळलं आणि आमच्या साहेबांना बागेचं प्रेम फुटलं. ठिबक आलं. सकाळ-संध्याकाळ पाणी, तसा लेखी आदेशच निघाला. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. मुळं गुदमरून सडतात, त्याला आम्ही मूळकूज म्हणतो. पानं पिवळी पडली. साहेबांनी निदान केलं, झाडं तहानली आहेत. आदेश सुधारून दुपारचंही पाणी सुरू झालं. मी दोनदा टिपणी दिली. ती फाइलला लागली. झाडं मेली.

“मॅडम, आमच्या धुऱ्यावर हिले कोनी पानी देत नाही,” डोमाजी म्हणाला. “मी ठिबक बंद कराले गेलतो. साहेब म्हने, तू माळी हायेस का इंजिनिअर? आता मेमो मलेच कायले?”

मला भयंकर राग आला. खुलासा मीच लिहून दिला: ‘आदेशानुसार दिवसातून तीन वेळा पाणी देऊन काळजी घेतली. त्यामुळेच झाडे मेली.’ सोबत आदेशाची प्रत जोडली.

साहेबांनी मला बोलावलं. “असं लिहितात का?”

“चूक असेल तर खोडा, साहेब.”

आदेशावर सही त्यांचीच होती. बराच वेळ पेन फिरवून त्यांनी शेरा मारला: ‘खुलासा मान्य. काळजी न लागणारे दुसरे स्थानिक झुडूप सुचवावे.’

मी वज्रदंती सुचवली. मंजनामुळे नाव साहेबांच्या ओळखीचं, लगेच मंजूर झाली. कोरांटीचंच ते दुसरं नाव. डोमाजीने पुन्हा त्याच धुऱ्यावरून फांद्या आणल्या आणि ठिबक मी साहेबांच्या केबिनसमोरच्या लॉनला जोडून दिलं.

पुढच्या थंडीत ती भरभरून फुलली. डोमाजी अजून कामावर आहे. कोरांटी जगवायची तर मुळाशी निचरा हवा आणि साहेबांचं लक्ष दुसरीकडे हवं.