अर्धं पत्र आणि माझी चूल

माझी बायको गेली ती मोठ्या दुष्काळानंतरच्या पावसाळ्यात. गेली म्हणजे मेली. "प्रभूमध्ये निजली" असं म्हणायची आमच्या ख्रिस्ती मंडळीत रीत आहे, पण मला ते जमत नाही. निजलेलं माणूस उठून चहा मागतं.

मी मिरजेला एका दवाखान्यात बॉयलरवर होतो. उभा जन्म कोळसा टाकला, वाफ केली, दवाखान्याच्या चादरी उकळल्या. घरच्या चुलीत मात्र कधी काडी घातली नाही. बायको म्हणायची, "आख्ख्या दवाखान्याला वाफ देता, आन् घरात पाणी तापवायचं म्हटलं की तुमचं हात दुखत्यात." ती गेल्यावर चुलीपुढचा तिचा पाट होता तिथंच राहिला. त्या खोलीत मी जायचोच नाही. बाहेर बाकावर बसून हॉटेलातला चहा आणि बटर, सकाळी तेच, संध्याकाळी तेच. सदरा अंगावर लोंबायला लागला.

पोरगी साताऱ्याला दिलेली. ती आली आणि माझ्याकडं बघून रडली. म्हणाली, "आबा, घराला कुलूप लावा आन् माझ्याकडं चला. इथं उपाशी मरशीला." मी म्हणालो, नाताळला बघू. तिच्या आईशिवाय त्या घरात राहवत नव्हतं, आणि ते घर सोडवतही नव्हतं.

दर बुधवारी देवळात जुन्या पाळकसाहेबांची पत्रं वाचायचे. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. हे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, माझ्या आज्याच्या काळातले. साताऱ्यापासून मिरजेपर्यंत तट्टावर फिरायचे. गावोगावच्या मंडळ्यांना एकटा माणूस किती पुरणार, म्हणून पत्रं लिहायचे. ती पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेली, आणि सगळी मोडी लिपीत. मोडी लागणारा एकच माणूस आमच्यात उरला होता, ते म्हणजे रिटायर झालेले मास्तर. ते बुधवारी एक पान वाचायचे. पान संपलं की वाक्य अर्धं असलं तरी पेटी बंद. "ऱ्हायलेलं पुढच्या बुधवारी. डोळं दुखत्यात."

मी जायचो ते घरात बसवत नव्हतं म्हणून. मला वाटलं होतं, पाळकाची पत्रं म्हणजे स्वर्ग आणि नरक. तर हा बाबा लिहितोय, उपासनेला येताना शेळी घंटेच्या दोरीला बांधू नये, प्रार्थनेत घंटा वाजते. तंबाखू खिडकीतून थुंकू नये, बाहेर माणसं उभी असतात. म्हशीवरून अबोला धरलेल्या दोन भावांना झापलं होतं, की आधी बोला, मग प्रभुभोजनाला या. या माणसाला स्वर्गापेक्षा आमच्या घरांची माहिती जास्त, हे मला पटलं.

खिडकीतून थुंकणारा आमच्या दाईबाईंचा आजा निघाला. दाईबाईंनी अर्ध्या मंडळीची बाळंतपणं केलेली. अंगानं भरदार आणि आवाजानं त्याहून. त्या तिथल्या तिथं उठल्या. "थुंकत असंल! पर दान मूठ भरून टाकायचा, ते न्हाई लिवलं व्हय?"

मग एका बुधवारी ते पान आलं. कुठल्या तरी गावात एकाची बायको वारली होती आणि तो गडी देवळात येईना झाला होता. पाळकसाहेबांनी मंडळीला लिहिलं होतं, की लांबून नुसती प्रार्थना करू नका. दर रविवारी उपासना झाली की दोघांनी त्याच्या घरी जेवायला जावं. इथं पान संपलं. मास्तरांनी पेटी बंद केली. सगळं देऊळ माझ्याकडं बघायला लागलं. मी जमिनीकडं.

उठताना मास्तरांनी चष्मा बाकावर ठेवला आणि त्यावर दाईबाई बसल्या. चष्म्याचा चुरा झाला. नवीन सांगलीला करायला टाकला, पण तसली जाड भिंगं लांबून मागवायची होती, त्याला वेळ लागणार होता. म्हणून पत्र तिथंच अडकलं.

रविवारी दोघंही माझ्या दारात हजर. "सलाम. जेवाया आलोय," दाईबाई म्हणाल्या.

"घरात काय बी न्हाई."

"मग कर की. आमी थांबतो."

"मला येत न्हाई."

"आवं, येवढा मोठा बॉयलर पेटवत हुता ना?" मास्तर म्हणाले. "ही तर येवढीशी चूल."

मला राग आला. रागातच त्या खोलीत शिरलो. बॉयलरच्या हातानं लाकडं कोंबली, वर रॉकेल ओतलं. असा धूर झाला की शेजारी पाण्याच्या बादल्या घेऊन धावले. दाईबाई उंबऱ्यावर बसून खोकत सांगत होत्या, "लाकडं काढ! आरं, आगगाडी चालवायची हाय का? आता पीठ कालव. गुठळ्या फोड!"

"तुमीच करा की बाई!"

"मी पाव्हणी हाय. पाव्हणीनं हात लावायचा नसतो."

त्या दिवशीचं पिठलं चमच्यानं उचललं तर ताटली संगं यायची. भाकरी करपलेली. मास्तर चष्म्याविना होते, त्यांनी बिचाऱ्यांनी करपलेला भाग आवडीनं खाल्ला. दाईबाई म्हणाल्या, "लय वाईट झालंय," आणि आणखी मागितलं. मीही खाल्लं. गरम जेवण किती दिवसांनी पोटात गेलं होतं.

पुढच्या रविवारच्या धाकानं मी आठवडाभर रोज पिठलं करून बघायला लागलो. उभ्यानं गुठळ्या फुटेनात. शेवटी तिचा पाट ओढला आणि बसलो. मग पीठ कालवलं.

असे रविवार जात राहिले. नाताळ जवळ आला तेव्हा मास्तरांचा चष्मा आला आणि पत्राचं पुढचं पान निघालं. मास्तर वाचता वाचता अडखळले. पाळकसाहेबांनी लिहिलं होतं, की जाताना आपापली शिदोरी न्यावी. दुःखातल्या माणसाला चुलीपुढं बसवू नये. त्याला आपण वाढावं.

दाईबाईंनी तोंडाला पदर लावला. "अगं बाई! मी तर ह्याला गेल्या खेपंला वांगी चिराया लावली!" मग एकजण हसला आणि सगळं देऊळ हसायला लागलं. मास्तर उठून म्हणाले, झाली ती चूक झाली, आता दर रविवारी मंडळीकडून याला डबा जाईल.

मी उभा राहिलो. सभेत मी कधी बोललेलो नाही. "डबा आणला तर दारातनं परत धाडीन. पाळकसाहेबांचं अर्धंच पत्र मला लागू पडलंय. ऱ्हायलेलं दुसऱ्या कुणाला द्या."

नाताळला पोरगी मला न्यायला आली. घर माणसांनी भरलेलं, मी पाटावर, आणि मास्तर दारातून ओरडत होते, "गड्या, मीठ बघून टाक! मागं नुसतं खारं केलंतंस."

"आबा, सामान बांधलंय का?" तिनं विचारलं.

"आधी जेव."

तिनं एक घास खाल्ला. डोळे भरले. "आईच्या हातासारखं न्हाई झालं."

"कसं व्हईल?" मी म्हणालो. "आजून थोडं घे."

तिनं घेतलं. सामानाचं परत विचारलं नाही.