जोडव्याचं बोट

नव्वदच्या दशकात चामोर्शीकडच्या एका रुग्णालयात माझी पहिली नेमणूक झाली. धानाच्या रोवणीचे दिवस होते. भर दुपारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून चिखलाने माखलेल्या बाया उतरल्या आणि त्यांच्यातल्याच एका सुनेला त्यांनी टेबलावर ठेवलं. बांधावर नाग चावला होता. पापण्या मिटलेल्या, मान टाकलेली, श्वास जेमतेम. मी घशात नळी घातली, हवेचा रबरी फुगा जोडून दाबायला लागले. नर्सने विषावरचं औषध सलाइनमधून सुरू केलं. तेवढ्यात सासूने कनवटीची कुंकवाची डबी काढली आणि माझ्या डोळ्यांदेखत सुनेचा मळवट भरला. सवाष्ण गेली की भरतात, तसा.

"गेली जी ते, मॅडम. काऊन छळून राह्यल्या? घरी नेऊ द्या आता."

माझं डोकंच फिरलं. पण हे विष कुणालाही फसवतं. नागाचं विष मेंदूला हात लावत नाही, नसेकडून स्नायूकडे जाणारा निरोप तेवढा वाटेत अडवतं. माणूस आत जागा असतो, पापणी उचलायचं बळ नसतं. त्या निरोपाला जोर यावा म्हणून मी निओस्टिग्मीन टोचलं. त्याने नाडी मंदावते, म्हणून आधी अ‍ॅट्रोपीन दिलं होतं. मग तिच्या कानाशी ओरडले, "ऐकू येतंय ना? पायाचं बोट हलव!"

काही नाही. पुन्हा ओरडले. सासू माझ्याकडे वेडीकडे बघावं तशी बघत होती. मी हट्टाने ओरडतच राहिले आणि जोडव्याचं बोट हललं. इतकंसं. सासू तिच्या पायाशी धावली.

श्वासाचं यंत्र आमच्याकडे कुठलं असायला! फुगा हातानेच दाबायचा होता. "आमी दाबतो जी," बाया म्हणाल्या. रोवणीत एकीची कंबर धरली की दुसरी तिची जागा घेते, तशा त्या पाळ्या घेत होत्या, रोवणीचंच गाणं म्हणत, त्याच ठेक्यावर. ठेका जलद झाला की मी खेकसायचे. सगळ्याच दमलो, पण फुगा थांबू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले. नळी काढल्यावर बसलेल्या आवाजात म्हणाली, "कुंकू लावलं तवा मी आतून ओरडून राह्यली होती, मॅडम. कोनालेच ऐकू नाई आलं. मंग तुमी म्हनलं, बोट हलव. सारा जीव तिथी नेला."

सासू पायथ्याशी बसली होती. कालपासून तिने ते बोट हातातून सोडलं नव्हतं.