मेक्सिकोचा हिरवा

मी पेंटर. चौथीपर्यंत शिकलो, तेवढ्यावर संगमनेरात लई दुकानांच्या पाट्या रंगवल्या. पण लाल आन हिरवा मला ओळखता येत न्हाई. दोन्ही मातकटच दिसतात. हे फक्त बायकोला ठाऊक हुतं.

डब्यावर नाव असतंय, पण आमी रंग करवंटीत काढून घ्यायचो. तिथं मला काय कळायचं न्हाई. ती शिडीखाली बसायची आन मागायच्या आधीच बरोबर करवंटी वर द्यायची. लोक म्हणायचे, "पेंटरला बायकोबिगर ब्रश धरवत न्हाई." आमी दोघं हसायचो. कुणाला पत्ता लागला न्हाई.

ती श्रावणात गेली. ब्रश तसाच वाळून गेला.

फुटबॉलचा वर्ल्डकप आला तसे चर्चच्या शाळेचे खेळाचे मास्तर घरी आले. मैदानाच्या भिंतीवर चित्र पायजे हुतं. त्यांनीच मोबाईलवर जुळवलेलं. मधी सोनेरी कप, मागं तीन पट्टे, कारण यंदा तीन देश मिळून खेळवणार. कॅनडाचा लाल, मेक्सिकोचा हिरवा, अमेरिकेचा निळा.

"फ्लेक्स नको काका, वाऱ्यानं फाटतो. तुमच्या हातचं पायजे."

न्हाई म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. व्हय म्हणालो.

डावीकडं लाल, उजवीकडं हिरवा, अशा करवंट्या मांडल्या. कप चांगला उतरला. मग शिडी सरकवताना करवंट्याबी सरकवल्या, आन कुठली कुठं ते डोक्यातनं गेलं. एक उचलली, भरत सुटलो.

मास्तर आले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "काका, कॅनडात गवत उगवलं का काय? आन मेक्सिकोनं मिरची खाल्ली?"

वय झालं म्हणालो असतो तरी भागलं असतं.

"मला दिसत न्हाई," मी म्हणालो. "लाल-हिरवा. कधीच दिसला न्हाई."

"मग इतकी वर्षं?"

"ही द्यायची हातात."

मास्तरांचं हसू गेलं. "राहू द्या असंच. कोण बघतंय?"

"चुकीचं ठेवून मी घरी जाणार न्हाई."

दोन्ही पट्टे पांढऱ्यानं झाकले. दुसऱ्या दिवशी मास्तर बाह्या सारून शिडीखाली उभे राहिले. दर वेळी रंग मागावा लागला. रडू आलं न्हाई, काहीच आलं न्हाई. दुपारपर्यंत मेक्सिको हिरवा झाला, असं मास्तर म्हणाले.