व्हॉल्व्हपाशी बुडबुडे

शर्यतीच्या सायकलची ट्यूब टायरच्या पोटातच शिवलेली असते. पंक्चर काढायचं तर आधी शिवण उसवायची. पाण्यात बुडवलेल्या टायरच्या व्हॉल्व्हपाशी बुडबुडे आले, म्हणून आमच्या सायकलवाल्या अण्णांनी तिथंच उसवलं. पण तिथं भोक नव्हतंच! हवा म्हणे आतल्या आत फिरून भलत्याच दारानं बाहेर पडते. मग अण्णा उसवतच सुटले. इतका दोरा निघाला, की अख्खी सांगली बांधून मिरजेला ओढत नेता आली असती. भोक सापडलं ते व्हॉल्व्हच्या पार समोरच्या बाजूला.

"अण्णा, उद्या सकाळी शर्यत आहे माझी!" त्यांची मुलगी सुमन कळवळली.

"अगं, तासात शिवतो की!"

शिवून, हवा भरून टायर पाण्यात बुडवला, तर पुन्हा व्हॉल्व्हपाशी बुडबुडे. शिवताना सुई ट्यूबलाच टोचली होती.

मी चक्रावलो. माझ्या जन्मातली भोकं तरी रस्त्यानं किती पाडली आणि माझ्याच दुरुस्तीनं किती? जिथं हवा जाताना दिसते, तिथं तर एकही सापडत नाही.

अण्णांनी पुन्हा उसवून ठिगळ लावलं. सुई मात्र सुमननं काढून घेतली.

"तुम्ही नुसती ट्यूब आत दाबून धरा," ती म्हणाली.