तरवड की तरोटा

आक्का नसती, तर बारामती-इंदापूर रस्त्याच्या हजेरीपटावर माझं नाव पंधरा दिवसही टिकलं नसतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढच्या गोष्टीत वेंधळेपणा सगळा माझा आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी यवतमाळकडची, सातवीत शाळा सुटलेली. नवरा इकडच्या साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायला आला, त्याच्यामागं मी. शेळगावजवळ रस्त्याच्या कामाला बाई हवी होती. खड्डे बुजवायचे, गटारं मोकळी करायची, डांबराच्या कडेची साइडपट्टी राखायची. मुकादम म्हणाले, "पंधरा दिवस बघतो. जमलं तर ठेवतो." त्या धास्तीत मी झोपेतसुद्धा "हो जी, हो जी" करत असेन. त्या तुकड्यावर वर्षानुवर्षं काम केलेली आक्का हसायची. "अगं हो जी, मधी श्वास तर घे."

एक दिवस आक्का नातवाला घेऊन दवाखान्यात गेली. मी एकटी. मुकादम सायकलवरूनच ओरडत गेले, "तरवड तेवढा ठेव, बाकी सगळं काप!" ट्रक चालला होता, मला ऐकू आलं तरोटा. इकडं ज्याला टाकळा म्हणतात, तो आमचा तरोटा. पावसाळ्यात घरोघर त्याची भाजी होते. इकडची माणसंही तो राखतात! केवढा आनंद झाला मला! पुन्हा विचारायची हिंमत तर नव्हतीच. कोयत्यानं कमरेएवढी पिवळ्या कळ्यांची झुडपं सपासप कापली. तरोट्याच्या पानालाही धक्का लावला नाही.

सकाळी मुकादम बघतच राहिले. "तरवडच झोडपला की हिनं! आणि टाकळा काय पूजेला ठेवलाय?"

सवयीनं मी "हो जी" म्हणून गेले.

"सायकलवरनं वराडलं की असंच व्हतंय," आक्का मधे पडली. "तिच्या मुलखात टाकळ्याला तरोटा म्हणत्यात. चूक कानाची का तोंडाची?"

"ते मला न्हाय ठाऊक. आज टाकळा निघाला पायजे, न्हायतर उद्यापासनं तिनं येऊ नये."

ते गेल्यावर आक्कानं मला खाली बसवलं. तरवडाची मुळं भरावाचा मुरूम धरून ठेवतात, शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, खाली चंडोल अंडी घालतो, हे सगळं समजावलं. "बुडखं हायती ना? मग फुटंल. रडू नको." आम्ही टाकळा कापायला वाकलो, आणि तिनं माझा हात धरला. पानांखाली बारीक दोऱ्यांवर हिरवे कोष टांगले होते. या झाडावर, त्या झाडावर, जिकडं बघावं तिकडं!

आक्का तडक चहाच्या टपरीवर गेली. मी मागं. "मुकादम, चार दिस द्या. न्हायतर माझीबी हजेरी मांडू नका."

मुकादमांनी बशीतला चहा संपवला. "चारच."

तीन दिवस काहीच नाही. मी सारखी पानं उलटून बघायची. चौथ्या दिवशी ऊन वर आलं आणि पट्टीच उठली! पिवळी, पांढरी, फिकट हिरवी फुलपाखरं, गवतावर, डांबरावर, आमच्या डोक्यावर. एसटीचा ड्रायव्हर गाडी हळू करून बघत गेला. मी कोयता टाकून लहान पोरीसारखी धावत सुटले. मुकादम आले ते सायकल धरून उभेच राहिले. हँडलवर दोन बसली होती.

"एवढी कुठनं आली?"

"टाकळ्यातनं," आक्का म्हणाली. "पूजेला ठेवला व्हता न्हवं!"

ते हसले. "ऱ्हाऊ दे मग. बी पडल्यावर, दसऱ्यानंतर कापा."

"आणि मी जी?"

"तुला कोण जा म्हणालं? फक्त ऐकू आलं न्हाय तर परत इचारत जा."

नवरात्रात तरवडाच्या बुडख्यांना फुटवे आले, थोडी फुलंही धरली. गावच्या बाया घटाच्या माळेसाठी टोपल्या घेऊन आल्या. आक्का म्हणाली, "आमी जयभीमवाले, आमच्यात घट न्हाय बसत. पर ह्यांची माळ दरसाल माझ्याच पट्टीवरनं जाती." मग मला चिमटा काढून, "तुझा तरोटा खायला कवा घालती?"

आक्का, अजून जमलेलं नाही. पण एका आषाढात तुला माझ्या गावी नेणार, चुलीपुढं पाटावर बसवणार, आणि कोवळा तरोटा मीच खुडून आणणार. तेव्हा "हो जी" तू म्हणायचंस.