‘आणि पार्टी’मधल्या दोघी

धुलाईमॅडमच्या घरात ग्रामोफोनच्या तबकडीवर फुंकर मारायला बंदी होती. कोणी गाल फुगवले की त्या हात आडवा धरायच्या. "फुंकरीबरोबर थुंकी उडते. ती कोण धुणार?" समोरचा कितीही मोठा असो. आमच्या संघटनेच्या अध्यक्षांनाही त्यांनी हेच ऐकवलं, आणि अध्यक्ष इतक्या थोडक्यात गप्प झालेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

धुलाईमॅडम हे नाव त्यांना जुन्या बाजारातल्या विक्रेत्यांनी दिलं होतं. सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि धायरीला दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. रविवारी बाजारात जाऊन पथारीवरच्या तबकड्या उन्हाकडे तिरप्या धरून बघत बसायच्या. तेव्हा सीडी आली होती. हिंजवडीच्या पगारांवर नवे फ्लॅट घेतले जात होते आणि जुन्या घरांचे माळे रिकामे होत होते. संस्कृती, संस्कृती म्हणून घसा बसेपर्यंत बोलणारं हे शहर शाहिरांच्या तबकड्या रद्दीच्या भावात विकत होतं. नाट्यसंगीत मात्र कपाटात काचेमागे. मी यावर पत्रक काढलं होतं. मॅडमनी ते वाचलं, माझ्याकडे परत दिलं आणि म्हणाल्या, "कार्यकर्त्या बाई, राग चांगला आहे. पण रागाने तबकडी स्वच्छ होत नाही."

त्यांचं यंत्र मी कोणत्याच दुकानात पाहिलेलं नाही. शिलाई मशीनचा लोखंडी स्टँड, वर मशीनच्या जागी फिरती थाळी, आणि खालच्या चाकावरून थाळीपर्यंत आलेला पट्टा. पायाने पेडल हलवायचं, तबकडी संथ फिरते. विजेची मोटर का नाही, असं मी विचारलं. "मोटरला घाण दिसत नाही. पाय थांबतो." मोटारीच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी, त्यात लहान बाळांच्या शाम्पूचे दोन थेंब, आणि दाढीचा मऊ ब्रश. मधल्या कागदी चकतीवर पाणी जाऊ नये म्हणून डब्याचं झाकण आणि त्याखाली कुकरची जुनी रिंग. शेवटी व्हॅक्यूम क्लीनर. त्याच्या नळीच्या तोंडाला त्यांनी मखमल लावून बारीक फट ठेवली होती. रेघांमधलं मळकं पाणी त्या फटीतून ओढलं जायचं.

त्या क्लीनरचा आवाज भयंकर होता. एकदा सोसायटीचे सेक्रेटरी दारात आले. "बाई, आपल्याकडे विमान उतरतंय का?"

"उतरलं. आपल्याला न्यायला थांबलंय," मॅडम म्हणाल्या.

सेक्रेटरी गेले. पुढच्या आठवड्यात स्वतःच्या लग्नात वाजवलेली सनईची तबकडी घेऊन आले. मॅडमनी ती धुऊन दिली आणि वर सांगितलं, "घरी वाजवताना आवाज कमी ठेवा. लोकांना त्रास होतो."

मी त्यांच्याकडे गेले ती आमच्या कचेरीच्या माळ्यावर सापडलेला गठ्ठा घेऊन. चळवळीची गाणी होती. धुऊन, संगणकावर घेऊन वस्त्यांमध्ये सीडी वाटायच्या होत्या. "जयभीम" म्हणून मॅडमनी गठ्ठा सोडला, एकेक तबकडी बाजूला ठेवत गेल्या आणि एका छोट्या तबकडीवर थांबल्या. शाळेत निघालेल्या मुलीचं गाणं. त्याच गाण्याच्या चार तबकड्या त्यांच्या कपाटात आधीच होत्या.

"यात माझी आई आहे," त्या म्हणाल्या.

चकतीवर शाहिरांचं नाव होतं आणि पुढे ‘आणि पार्टी’. बाकी कोणाचंच नाही. कोरसमध्ये दोन बायका होत्या, त्यांतली एक मॅडमची आई, अनसूयाबाई. मॅडम चार वर्षांच्या असताना त्या गेल्या. आवाज आठवत नव्हता. दोघींमधली आई कोणती, एवढंच त्यांना आयुष्यभर ऐकायचं होतं, आणि तेच ऐकू येत नव्हतं. मंडपवाल्यांनी बोथट सुया घालून त्यांच्या सगळ्या तबकड्या खरवडल्या होत्या. शिवाय दुसऱ्या कडव्यानंतर, बायका ओळ उचलायच्या त्याच्या अगदी आधी, चारही तबकड्यांत ‘खर्र’ असा आवाज यायचा. मॅडमची खात्री होती की साच्यातच खोट आहे. तरी त्या धूत राहिल्या होत्या.

मला मात्र ‘आणि पार्टी’ वाचून संताप आला. ‘पार्टी’ म्हणजे कोण? दिवसभर मोलमजुरी करून संध्याकाळी तालमीला जाणाऱ्या बायका. त्यांच्या नावांना चकतीवर जागा नव्हती? कंपनीचं चित्र छापायला बरी जागा होती. मी हे सगळं बोलत होते आणि मॅडम पेडल हलवत ब्रश फिरवत होत्या. बोलून दमले तेव्हा मी तेच गाणं गुणगुणू लागले. पर्वतीच्या पायथ्याशी आमच्या वस्तीत सगळ्या बायकांना ते पाठ आहे.

थाळी थांबली. "पुन्हा म्हण. दुसऱ्या कडव्यापासून."

मी म्हटलं.

"तू तिथं आधी का उचललंस?"

"तिथं बायका आधीच येतात. आईनं असंच शिकवलंय."

"आईला कोणी शिकवलं?"

"कोण शिकवणार? वस्तीत तबकडी वाजायची, त्यावरूनच."

मॅडमनी पुसलेले हात पुन्हा पुसले. आमची तबकडी बहुधा फारशी वाजलेलीच नव्हती. त्यांनी ती आणखी दोनदा धुतली, सुकू दिली आणि सुई ठेवली. दुसरं कडवं संपलं. खर्र आवाज आलाच नाही. तिथं एक बाई होती. ताल यायच्या आत तिने ओळ उचलली होती, एकटीने, खणखणीत. झिजलेल्या तबकड्यांत तिचाच आवाज फाटून खर्र होत होता. मग दुसरी धावत येऊन तिला मिळाली.

"मावशी सांगायची," मॅडम म्हणाल्या, "तुझ्या आईला गाताना दम निघायचा नाही. शाहीर चिडायचे." मग त्या हसल्या. "आणि मी बाईला इतकी वर्षं घाण समजून घासत बसले."

सीडी करणाऱ्या आमच्या मित्राने संगणकावर ती जागा तालात बसवून दिली. मोठ्या हौसेने, चूक दुरुस्त केली म्हणून. मॅडमनी त्याला चहा दिला, बिस्किटं दिली आणि चूक परत घालून आणायला सांगितलं.

मी त्या सीडीसोबत वाटायचं पत्रक लिहिलं. वर मोठ्या अक्षरांत अनसूयाबाईंचं नाव. मॅडम खूश होतील असं वाटलं होतं. त्यांनी कागद खाली ठेवला. "दुसरी कोण?"

"ते कुठून कळणार आता?"

"मग छापू नकोस. माझ्या आईचं नाव घालून दुसरीला पुन्हा पार्टीत ढकलणार असशील, तर त्या कंपनीत आणि तुझ्यात काय फरक?"

सीडी वाटल्या, पत्रक थांबवलं. आम्ही वस्त्यांमधून म्हाताऱ्या बायकांना गाणं ऐकवत हिंडलो. मॅडम सुरुवातीला यायच्या, पुढे गुडघे साथ देईनात तेव्हा घरूनच विचारायच्या, "मिळाली का?" दवाखान्यातही त्यांनी तब्येतीचं बोलू दिलं नाही. हेच विचारलं. नाही, असंच मला सांगावं लागलं. त्या गेल्या तेव्हा यंत्रावर आमचीच एक तबकडी अर्धी धुतलेली होती.

पुढच्या उन्हाळ्यात दापोडीला एका आजींनी गाणं पूर्ण ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. बोट वर करून दुसऱ्या कडव्याची वाट पाहिली.

"ही पुढं पळणारी कोण, ते मला ठाऊक न्हाय," त्या म्हणाल्या. "पण तिच्या मागनं धावत जाऊन जिनं सावरून घेतलं ना, ती माझी नणंद. द्रौपदा. घरातबी सगळ्यांचं तिनंच सावरलं."

पत्रक त्याच आठवड्यात छापलं. दोन नावं, एकाच आकाराच्या अक्षरांत. आधी कोणतं, यावर संघटनेत वाद होईल असं मला वाटलं होतं; आमच्यात कशावरही होतो. झाला नाही. अनसूयाबाईंचं आधी. त्या थांबल्याच नसत्या.